न पडलेला कौल

विशीत असताना मला सुखाच्या झाडून सगळ्या व्याख्या पाठ होत्या. पुण्याच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि आमचे सर दर तासाला एखादं शतक सहज ओलांडून जात. सोमवारी कुणी दाढीवाला भर बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारतोय, बुधवारी कुणी राजपुत्र भरलं घर सोडून रानात निघालाय, शुक्रवारी कुणी शेकोटीपाशी बसून आपण खरोखर आहोत की नाही अशी शंका घेतोय. मी आ वासून ऐकायची आणि सुट्टीत रिहे गावी काकांकडे गेले की काकीपुढे तोच प्रयोग साभिनय लावायची. दाढीवाल्यासाठी घोंगडीचं टोक हनुवटीला धरायचं, राजपुत्रासाठी उंबऱ्यातून एकदा मागं वळून बघायचं.

काकी भाकरी थापता थापता बघायची. तिच्याइतका कडक प्रेक्षक मला पुढे आयुष्यात मिळाला नाही. राजपुत्र निघाला त्या दिवशी तिचा हात परातीतच थांबला.

"आन मंग? त्याची बायकू काय म्हनली?"

हे सरांनी सांगितलं नव्हतं. मी घोंगडी सावरत उभी राहिले. तेव्हा चुलीशेजारी बसलेली काकीची मैत्रीण म्हणाली, "ती झोपली व्हती. पर त्यो परत आला व्हता बरं का. घरच्यांना भेटाया आला व्हता."

"सांगून गेला आसता तर?"

"तर तू जाऊ दिला आसता व्हय?" मैत्रिणीने विचारलं, आणि दोघी अशा हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

ही मैत्रीण गावातल्या बौद्ध घरातली. दोघी लग्न होऊन एकाच साली गावात आल्या आणि तेव्हापासून भातलावणीला एका ओळीत उभ्या राहत. मैत्रिणीच्या सासऱ्याच्या पिढीत त्यांच्या घराने सगळे देव सोडले होते. घरात बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे ती सकाळी मेणबत्ती लावी. आमच्या गावदेवीपुढे ती हात जोडत नसे आणि काकी कधी जोड म्हणत नसे. एवढी साधी गोष्ट समजायला जगातल्या मोठमोठ्या माणसांना युद्धं करावी लागली, असं आमच्या सरांच्या शतकांवरून तरी दिसत होतं.

आता काका. काका उंच, सडपातळ आणि स्वभावाने घुमे. दिवसभर त्यांच्या तोंडून मोजके शब्द निघायचे ते बहुतेक बैलांसाठी. पण सूर्य डोंगराआड गेला, हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले आणि काकी चहा घेऊन बाहेर आली, की त्या दोघांचं भांडण सुरू व्हायचं. विषय कोणताही चालायचा. कालवणातलं मीठ. शेजाऱ्याचं कुत्रं. कुठल्याशा लग्नात जिलबी कुणाच्या पानात आधी पडली होती आणि ती कोणी उचलली. हे लग्न माझ्या जन्माआधीचं. भांडणात कुणी जिंकत नसे, कारण जिंकलं तर दुसऱ्या दिवशी काय करायचं? गावात घड्याळं कमी होती. त्या दोघांचा आवाज चढला की आळीतल्या बायका म्हणायच्या, "यांचं सुरू झालं, दिवा लावा."

मी सांगते आहे तो काळ ऐंशीच्या दशकातला. पिरंगुटला कारखान्यांवर पत्रे चढत होते आणि रस्त्याला शहरातल्या बस धावत होत्या. अशाच एका कारखान्यात काकांच्या ओळखीच्या कुणीतरी शब्द टाकला आणि निरोप आला: पुढच्या आठवड्यात येऊन कामाला लाग, पाळीपाळीने काम असेल, तिथंच खोली घेऊन राहावं लागेल, रविवारी घरी.

काकांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते लहान पोराच्या चेहऱ्यावर जत्रेत दिसतं. जन्मभर या माणसाने गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावलं होतं. कोरड्या जमिनीवर, छपराखाली, बूट घालून काम करायचं ही कल्पनाच त्यांना फार मोहक वाटली. ते दोनदा गोठ्यात जाऊन आले, काही कारण नसताना. काकी मात्र चहा ओट्यावर ठेवून आत निघून गेली. त्या संध्याकाळी ओट्यावर भांडण झालं नाही. आळीतल्या एका घरात तर दिवा लावायला उशीर झाला.

दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. त्याऐवजी काका म्हणाले, "देवीला कौल लावू. ती सांगंल तसं."

"लावा," काकी म्हणाली.

आमच्या देवीचा कौल कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं नाटक नीट दिसेल. देवी काळ्या दगडाची, गाभारा अंधारा, एक समई. गुरव चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवतो. मग प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि वाट बघायची. पाणी सुकत जातं, पाकळी सुटते. उजवी आधी पडली तर "हो", डावी पडली तर "नको". जे येईल ते मानायचं, त्यावर दुसरा सवाल नाही. कितीतरी पिढ्यांच्या गुरवांनी ओल्या अंगठ्याने पाकळ्या दाबून दाबून देवीच्या खांद्यांवर दोन उथळ खळगे पडले आहेत. मला त्या खळग्यांचं फार अप्रूप वाटायचं. पोरीला या घरी देऊ का, भाऊ परत येईल का, विहिरीला पाणी लागेल का. शेकडो वर्षांच्या काळज्यांनी दगड झिजवला होता. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांना असा एकही खळगा पडलेला नव्हता.

रिवाजाप्रमाणे, ज्या घराचा सवाल त्या घराने सकाळी देऊळ झाडायचं. धनी देवीला आंघोळ घालणार, धनीण मागाहून जाऊन सारवण करणार. तसं झालं. काका पहाटेच कळशी घेऊन गेले आणि बऱ्याच वेळाने आले. मग काकी शेणाची पाटी घेऊन गेली, तीही बऱ्याच वेळाने आली. दोघांनाही इतकी भक्ती कधी सुचली नव्हती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

उन्हं वर आल्यावर आम्ही देवळात गेलो. वैशाख होता, भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते, डोंगराच्या उतारावर राखेचे काळे चौकोन दिसत होते. निम्मी आळी आली होती, कारण दुसऱ्याच्या घरचा कौल बघणं यापरतं फुकटचं सुख नाही. काकीची मैत्रीण सगळ्यांच्या आधी येऊन बाहेर पायरीशी, आंब्याच्या सावलीत बसली होती. तिच्या सासूला एकेकाळी या पायऱ्या चढू दिल्या नव्हत्या. हिला आता त्या चढायच्या नव्हत्या.

"देवीसाटी न्हाई आले, तुज्यासाटी आले," ती काकीला म्हणाली.

"ठावं हाय. उनात बसू नगंस."

गुरवमामा म्हातारे, नजर अधू, चष्म्याचे वैरी. त्यांनी चाचपून खळगे शोधले, पाकळ्या लावल्या, घंटा वाजवली आणि असा आवाज लावला की वटवाघळं उठली. "आई, तुजं लेकरू पुसतंय! पिरंगुटला कारखान्यात कामाला जाऊ द्यायचं आसंल तर उजवी दे, न्हाई तर डावी दे!"

आम्ही सगळे हात जोडून बसलो. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकून, अगदी पहिल्या रांगेत. वैशाखात कौल भाकरी भाजून होईपर्यंत पडतो. भाकरी झाली. मग दुसरी भाकरी होईल एवढा वेळ गेला. मग माझ्या अंदाजाने आख्ख्या लग्नाचा स्वयंपाक झाला असता. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या सुकल्या, पिवळ्या पडल्या, कडांनी वळल्या, पण देवीच्या खांद्यांवर अशा बसल्या होत्या जणू तिच्याबरोबरच घडवल्या असाव्यात.

गर्दीत कुजबूज सुरू झाली. "देवी बोलंना." "काय तरी चुकलंया." "सोवळं मोडलं आसंल." गुरवमामांनी परत घंटा वाजवली, परत विनवलं. त्यांचा घसा बसला. "माज्या बापाच्या येळंपासनं आसं कदी झालं न्हाई," असं म्हणून त्यांनी कपाळाचा घाम पुसला, आणि मला त्या माणसाबद्दल खरंच भरून आलं. देवी गप्प बसली की सगळ्यात आधी गुरवाची झोप उडते.

तेवढ्यात एक मुंगळा आला. देवीच्या उजव्या पायावरून, गुडघ्यावरून, कमरेवरून तो सरळ उजव्या खांद्यावर गेला. त्याच्या मागे दुसरा. मग रांगच लागली.

"उजव्या अंगाला चाललं!" कुणी तरी ओरडलं. "शुभ हाय!"

"मुंगळं कुटं शुभ आस्त्यात व्हय?"

"आरं देवीचं हायेत ते, साधं न्हाईत!"

सगळे मुंगळ्यांकडे बघत होते. मी काकीकडे बघितलं, कारण ती बघत होती त्या नजरेने माणूस फक्त चोरी उघडी पडताना बघतो. मुंगळे पाकळीच्या कडेने काहीतरी खात होते, आणि एकेक मुंगळा जसा तोंड भरून परत फिरे तसा काकीचा चेहरा उतरत होता. गूळ! बाईने सारवायला जाताना गुळाचा घट्ट पाक नेऊन उजव्या खळग्यात लावला होता. "हो" म्हणणारी पाकळी पडूच नये म्हणून.

काकांच्याही ते ध्यानात आलं. ते काही बोलणार, म्हणून जोडलेले हात सोडायला गेले, आणि हात सुटेनात. म्हणजे तळवे सुटले, बोटं सुटेनात. अंगठा आणि त्याशेजारचं बोट एकमेकांना घट्ट चिकटून काळी पडली होती. वर कापसाचे धागे, घोंगडीची लोकर, काय काय अडकलेलं. फणसाचा चीक पाण्याने कधी गेला आहे? त्याला खोबरेल लागतं, आणि पहाटे देवीला आंघोळ घालायला जाताना माणूस खोबरेल कशाला नेईल?

पुढचं संभाषण दातावर दात ठेवून झालं. मी हातभर अंतरावर होते.

"बोटं दावा."

"कशाला?"

"दावा म्हंते. फनस कवा फोडला तुमी?"

"मुंगळं का आलं गं?"

"देवीला ठावं."

"देवीला गूळ कुनी लावला, त्येबी देवीला ठावंच आसंल."

"आन डाव्या खांद्याला चीक कुनी लावला? 'नगं' येऊ ने म्हनून?"

आता मला सांगा, या प्रसंगी कोणतं शतक उपयोगी पडणार होतं? श्रद्धेवर मी दोन निबंध लिहिले होते. त्यांत सगळे श्रद्धावंत डोळे मिटून शांत बसलेले होते. इथे दोन माणसं देवीला मनापासून इतकी मानत होती, की ती जे सांगेल ते आपल्याला ऐकावंच लागणार या भीतीने दोघांनी पहाटे उठून तिच्या खांद्यांवर लबाडी केली होती. ज्याचा विश्वास नाही तो देवीला चीक लावायच्या भानगडीत पडत नाही, सरळ बस पकडतो. मला त्या दोघांचा असा काही अभिमान वाटला की मी पदर तोंडात कोंबला.

काकांचा आवाज मात्र आता चढला. "म्या जाऊ ने आसं वाटत व्हतं, तर त्वांडानं सांगायचं की!"

"तुमी इचारलं कवा? तुमी देवीला इचारलं!"

मुंगळे सोडून सगळे आता या दोघांकडे वळले.

"शेतीचं भ्या हाय व्हय तुला? गडी लावू."

"शेतीला काय धाड भरलीया? म्या एकली लावंन समदी खाचरं. सांजच्याला वट्यावर कुनासंगं भांडू? म्हशीसंगं?"

बाहेरून, आंब्याखालून मैत्रिणीचा आवाज आला, "म्हस लई शानी हाय गं, उत्तर देनार न्हाई!"

सगळं देऊळ खदखदून हसलं. गुरवमामाही हसले, मग आपण कुठे आहोत ते आठवून त्यांनी घंटा वाजवली. फक्त काका हसले नाहीत. ते काकीकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याला ते भांडण समजत होते त्याचं खरं नाव त्यांना आत्ता कुणीतरी सांगितलं होतं, असा तो चेहरा होता. मी पुढे पुष्कळ नाटकं पाहिली, काहींत कामंही केली. असा चेहरा मला कुणी रंगवून दाखवलेला नाही.

आणि इकडे उजव्या खांद्यावर मुंगळ्यांनी गूळ संपवत आणला होता. पाकळीचं टोक सुटलं. ती थरथरली. अजून एक श्वास, आणि पडली असती. "हो" आला असता, गावादेखत आला असता, आणि काकीला तो मुकाट्याने मानावा लागला असता. काकांना तो दिसत होता. त्यांच्या आयुष्यातला कोरड्या जमिनीवरचा पहिला दिवस त्या टोकाला लोंबत होता.

काका उठले. गाभाऱ्यात गेले. हात वर करून त्यांनी ती पाकळी पडायच्या आत काढली, आणि मग डावीही ओढली. डावी कसली निघते! अर्धी हातात आली, अर्धी देवीच्या खांद्यावरच राहिली. जे हाती आलं ते त्यांनी देवीच्या पायाशी ठेवलं.

"आई, सवाल मागं घेतो," ते म्हणाले. "चुकून तुला इचारला. हिला इचारायचा व्हता."

"आरं, कौल मागं घेत्यात व्हय कुटं?" गुरवमामा म्हणाले.

"घेतला न्हवं आता?"

गुरवमामांनी देवीकडे बघितलं. देवीने काही केलं नाही. वीज पडली नाही, समई विझली नाही, मुंगळे आले तसे रांगेने परत निघाले. मामांनी जरा विचार केला आणि नारळ फोडला. खोबरं वाटायला बाहेर आले तेव्हा पहिला तुकडा त्यांनी पायरी उतरून आंब्याखाली बसलेल्या मैत्रिणीच्या हातावर ठेवला. तिनेही तो घेतला आणि म्हणाली, "परसाद म्हनून न्हाई, खोबरं म्हनून खाते."

"खा बाई," मामा म्हणाले. "आज माजाबी घसा कोरडा पडलाय, मीबी खोबरं म्हनूनच खातो."

घरी परतताना देवळापासून ओढ्यापर्यंत काका-काकी पुढे चालले होते आणि मी आणि मैत्रीण मागे, कान टवकारून. काका विचारत होते आणि काकी अडवत होती; मग काकी विचारू लागली आणि काका अडवू लागले. खोली घेऊन राहायचं नाही, हे ठरेपर्यंत ओढा आला. सायकल घ्यायची आणि रोज घरी यायचं, हे ठरेपर्यंत आमचं कुंपण आलं. ओट्यावर पाय धुताना शेवटचा मुद्दा उरला.

"आन रातपाळी आसली तर?"

"तर सकाळी येऊन भांडा," काकी म्हणाली. "पर भांडल्याबिगर झोपायचं न्हाई."

मग तिने खोबरेलाची वाटी आणली आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट सोडवत बसली. चीक निघेपर्यंत ती त्यांना अद्वातद्वा बोलत होती. आळीत कुणीतरी दिवा लावला. अजून ऊन होतं, पण आवाज ऐकला आणि लावला.

काका कामाला लागले. बूट मिळाले, ते त्यांनी पहिल्या दिवशी हातात धरून आणले, मळू नयेत म्हणून. लावणीच्या दिवसांत रजा टाकून ते चिखलात उतरायचे आणि कारखान्यातल्या कोरड्या जमिनीची फुशारकी मारायचे. देवीच्या खांद्यावरची ती अर्धी पाकळी कितीतरी दिवस तशीच होती. गुरवमामांनी ती काढायचा प्रयत्न केला नाही. बाहेरगावचं कुणी विचारलं की ते गंभीरपणे म्हणत, "ही न पडलेल्या कौलाची खून हाय," आणि लोक तिला हात लावून नमस्कार करत. नव्या लग्नाच्या जोड्या तर मुद्दाम करत. मी आणि मैत्रीण एकमेकींकडे बघत नसू, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

पुढच्या परीक्षेत सुखावर प्रश्न आला. मी दाढीवाला, राजपुत्र, शेकोटीवाला, सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि मला बरे मार्क पडले. पेपर लिहिताना मात्र माझ्या कानात एक सायकलची घंटा वाजत होती. ओढ्यापाशी चढ लागतो. तिथे काका उतरायचे, घंटा वाजवायचे आणि सायकल हातात धरून चढ चढायला लागायचे. ते अजून दिसतही नसायचे, आणि इकडे काकी चहाचं आधण खाली उतरवून, ओट्यावर येऊन, कमरेवर हात ठेवून सुरुवात करायची: "आज एवढा येळ कुटं लागला? आन ती जिलबी तुमच्याच पानात पडली व्हती, म्या माज्या डोळ्यांनी बगितली व्हती!"

चढावरून, धापा टाकत, उत्तर यायचं.